आईला वेळ कोण देतं?

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला स्त्रीवाद हा विषय आहे. वस्तीत कुणी विचारलं, "काय शिकतेस गं सध्या?" आणि मी खरं ते सांगितलं, की शेजारच्या मावश्या हसतात. म्हणतात, "म्हणजे नवऱ्याशी भांडायचं तेच ना? त्याला पुस्तक कशाला लागतंय?" चळवळीतली मुलं मात्र गंभीर होतात. "ताई, हे सगळं वरच्या जातीतल्या बायांचं आहे. आपल्याला बाबासाहेबांनी सगळं दिलंय." आणि वर्गात जातीचा विषय काढला की मैत्रिणी म्हणतात, "बाई म्हणून आपण सगळ्या सारख्याच गं. त्यात जात कशाला आणतेस?"

मला या तिन्ही उत्तरांत थोडं थोडं खरं दिसतं. पण आमच्या घरातली गोष्ट त्यातल्या एकाही उत्तरात बसत नाही. ती मोर्चाची गोष्ट नाही, मारहाणीची नाही, कोर्टकचेरीची नाही. ती रोजच्या एक-दोन तासांची गोष्ट आहे. म्हणून ती आपल्या या कुटुंबाच्या पानावर मांडावीशी वाटली.

आम्ही विक्रोळीच्या डोंगरावरच्या वस्तीत राहतो. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. आजी, आई, पप्पा, मी आणि माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान भाऊ. पप्पा एका इमारतीत वॉचमन आहेत, बहुतेक नाइटच असते. भाऊ बारावी झाला. आता मोबाइलवर ऑर्डर घेतो आणि पाठीवर पेटी लावून घरोघरी जेवण पोचवतो. आई खालच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी आणि एका घरचा स्वयंपाक करते. नळाला पाणी पहाटे साडेचारला सुटतं आणि सहाला जातं. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. हे पान वाचणाऱ्या कितीतरी घरांचं वेळापत्रक असंच असेल.

आमच्या घरात पोरीला शिकवायचं नाही असं कुणी कधीही म्हणालं नाही. उलट दर १४ एप्रिलला पप्पा भेटेल त्याला सांगतात, "पोरगी एम.ए. करते." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्याच्या शेजारी सावित्रीमाईंचा. परवानगी आमच्याकडे भरपूर आहे. पण नुसत्या परवानगीनं अभ्यास होत नाही. अभ्यासाला वेळ लागतो, आणि दहा बाय बाराच्या खोलीत तो कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो.

मी दहावीला गेले तेव्हा माझ्या वाटची भांडी आईनं घेतली. बारावीला पाणी भरणं घेतलं. बी.ए.ला संध्याकाळच्या भाकरी घेतल्या. "तू बस वाचत, मी घेते आवरून," हे तिचं ठरलेलं वाक्य. त्या सगळ्या वर्षांत भावाच्या वाट्याला एकही नवं काम आलं नाही, पप्पांच्याही नाही. हिशेब मांडला तर असा निघतो की माझ्या शिक्षणाला घरातल्या पुरुषांनी परवानगी दिली आणि वेळ बाईनं दिला. तो वेळ तिनं स्वतःच्या झोपेतून काढला.

आता वर्गातली गोष्ट. आम्हाला बेटी फ्रिडन यांचं १९६३ सालचं पुस्तक अभ्यासाला आहे. अमेरिकेतल्या सुखवस्तू घरांतल्या बायांची घुसमट त्यात आहे. नवरा ऑफिसला, मुलं शाळेला, घरात सगळी यंत्रं, आणि तरी बाईला वाटतं, एवढंच का माझं आयुष्य? पुस्तक महत्त्वाचं आहे, आमच्या मॅडमनी शिकवलंही मन लावून. बाईला घराबाहेर काम मिळालं की ती मोकळी होते, असा त्याचा एक अर्थ वर्गात निघाला. मला आमची आजी आठवली. आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातून मुंबईला आले. त्याआधी आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी येऊन मी तिला विचारलं, "आज्जे, घराबाहेर कामाला जायला मिळालं तेव्हा तुला कसं वाटलं गं?"

आजी म्हणाली, "कसं वाटायचंय? ऊन लागलं."

आमच्या बायांना घराबाहेर पडायला कुणी अडवलं नव्हतं. त्यांना मिळत नव्हती ती घरात येऊन घटकाभर बसायची सोय. म्हणून "बाई म्हणून आपण सगळ्या सारख्याच" हे वाक्य मला पुरत नाही. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली हेच इंग्रजीत मांडलं, की दलित स्त्रियांचं सांगणं वेगळं आहे आणि ते वेगळेपणानं ऐकलं पाहिजे. त्यांचे लेख आता आम्हाला परीक्षेला असतात. आजीचं वाक्य परीक्षेला नाही, पण मला ते लेख त्या वाक्यामुळेच समजले.

आई ज्यांच्याकडे स्वयंपाक करते त्या मॅडम मोठ्या हुद्द्यावर आहेत. माणूस म्हणून चांगल्या आहेत. दिवाळीला साडी देतात, माझ्या अभ्यासाची चौकशी करतात. त्या साडेआठला ऑफिसला निघू शकतात, कारण सात वाजता आई त्यांच्या ओट्याशी उभी असते. म्हणजे मॅडमना वेळ आई देते. मला वेळ आई देते. नाइट करून आलेल्या पप्पांना गरम भाकरी मिळते, भावाला धुतलेला शर्ट मिळतो, तोही आईचाच वेळ. मग आईला वेळ कोण देतं? घरकाम करणाऱ्या बायांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आईला आठवड्याची सुट्टी द्यायची की नाही, हे आजही त्या त्या घरच्या बाईच्या मर्जीवर आहे. आणि स्वतःच्या घरी तर सुट्टी हा शब्दच नाही.

कुणाला वाटेल, ही एका घरची गोष्ट आहे. तर सरकारचाच आकडा सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर पाहणी केली, की लोक दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात. म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७ मिनिटं. त्यातही शंभरातल्या साधारण ८१ बाया रोज घरकाम करतात आणि शंभरातले २६ पुरुष. उरलेले ७४ पुरुष रोजच्या घरकामाला हात लावत नाहीत. ही पाहणी सगळ्या देशाची आहे, सगळ्या जाती-धर्मांची. तेव्हा "हा प्रश्न त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही" असं म्हणायला जागा उरत नाही.

"बाबासाहेबांनी सगळं दिलं," असं म्हणणाऱ्या माझ्या भावांना मी नेहमी सांगते, दिलं हे खरंच आहे. पण काय काय दिलं ते नीट बघू या. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बाळंतिणींना पगारी रजा मिळावी म्हणून बाबासाहेब उभे राहिले. रजा म्हणजे दुसरं काय? वेळच. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गाच्या बायांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेत बायांनी घटस्फोटाचा हक्क मागितला, एकापेक्षा जास्त बायका करण्याला विरोध केला, गिरणी आणि विडी कामगार बायांसाठी रजा मागितली, मुलींसाठी वसतिगृहं मागितली. यातल्या कितीतरी जणींना सहीसुद्धा येत नसेल. पण शिकायला जागा लागते आणि शरीराला विसावा लागतो हे त्यांना कळलेलं होतं. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की बायकोनं नवऱ्याची दासी होऊ नये, बरोबरीची मैत्रीण व्हावं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी या चळवळीतल्या बायांना शोधून, त्यांच्या घरी जाऊन 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली केलं. ते घराघरात असायला हवं.

बाबासाहेबांच्या लहानपणची एक गोष्ट आपण सगळे सांगतो. परळच्या चाळीत एकच खोली. उशाला जातं, पायाशी शेळी, खोलीत सामान आणि माणसांची दाटी. अशात पोराचा अभ्यास कसा व्हायचा? मग सुभेदार रामजींनी युक्ती काढली. भीमाला लवकर झोपवायचं. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागं राहायचं. दोनला पोराला उठवायचं, दिवा लावून अभ्यासाला बसवायचं आणि मग त्याच जागेवर आपण पाठ टेकायची.

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. शाळेत भाषण केलं तेव्हा सांगितलीही. दर वेळी त्यातून सांगायचं असतं की विद्यार्थ्यानं कष्ट घ्यावेत. ते बरोबरच आहे. पण त्या गोष्टीत एक बापही आहे. घरात दिवा एक, जागा एक, आणि पोराच्या अभ्यासासाठी स्वतःची झोप मोडणारा बाप. तो नुसता "शिक" म्हणून थांबला नाही, त्यानं आपले तास दिले. आपण त्या गोष्टीतला विद्यार्थी उचलला आणि बाप तिथेच सोडून आलो.

रमाईचंही तसंच होतं. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा त्यांनी गोवऱ्या थापून घर चालवलं, मुलांची दुखणी आणि मरणं सोसली. आपण जयंतीला त्यांच्या त्यागाची गाणी म्हणतो, ऐकताना बायांचे डोळे भरतात. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा आपला ग्रंथ रमाईंच्या स्मृतीला अर्पण केला, इतकं त्यांना ते ऋण ठाऊक होतं. मग आपण त्यातून काय घ्यायचं? घरात एक माणूस शिकायचा तर एका बाईनं झिजायचंच, असा धडा घ्यायचा, की आता कुणावर ती वेळ येऊ द्यायची नाही, असा? मला दुसरा धडा घ्यावासा वाटतो. बाई थकून मेल्यावर तिच्यावर गाणं रचण्यापेक्षा ती जिवंत असताना तिच्या हातातला हंडा घ्यावा.

लिहिणाऱ्या बायांचं बघा. फलटणच्या बेबी कांबळे आपल्या किराणा दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचायच्या. 'जिणं आमुचं' त्यांनी कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून लिहिलं. ऊर्मिला पवार यांनी नोकरी, घर, मुलं सांभाळून एम.ए. केलं, आणि 'आयदान' मध्ये ते सगळं लिहिलं. या बाया आमच्या पुढे आहेत म्हणून आम्ही आहोत. पण पुढच्या मुलीनं तरी लपून वाचू नये, एवढं मागणं फार नाही.

"सांभाळून" हा शब्द मला हल्ली वारंवार ऐकू येतो. मला एक स्थळ आलं आहे. मुलगा रेल्वेत आहे, माणसं साधी आहेत, हुंडा मागत नाहीत, लग्न बौद्ध पद्धतीनं आणि कमी खर्चात करायचं म्हणतात. माझी नेटची परीक्षा राहिली आहे, हे मी आधीच सांगितलं. मुलाचे वडील लगेच म्हणाले, "शिकू देऊ की पुढं. घरचं सांभाळून खुशाल शिक."

मी विचारलं, "काका, घरचं सांभाळायला आणखी कोण कोण आहे?"

सगळे गप्प बसले. पप्पांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मग मुलाची आई म्हणाली, "मी हाय की, बाळा. माझ्या अंगात अजून ताकद हाय."

त्या मनापासून बोलल्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, आणि पोटात कालवलंही. इथं माझी आई, तिथं त्यांची आई. मी एका बाईच्या झोपेतून निघून दुसऱ्या बाईच्या झोपेत जाणार होते. मुलगा पूर्ण वेळ खाली मान घालून चहा पीत होता. नेटचा निकाल लागेपर्यंत थांबा आणि तोवर मुलाला माझ्याशी एकदा बोलू द्या, असं मी कळवलं आहे. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.

पाहुणे गेल्यावर रात्री भांडी घासता घासता आई म्हणाली, "तू बोललीस ते बरं केलंस." थोडा वेळ गेला आणि म्हणाली, "मला बी दहावीचा तो सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो का गं?"

आईची शाळा आठवीनंतर सुटली. सतराव्या वर्षी लग्न झालं. आज ती त्रेचाळीस वर्षांची आहे. गावच्या शाळेतून दाखला आणायला मामाला पाठवलं. दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं. ते तिनं दोन-तीनदा वाचलं आणि कागद गादीखाली सपाट करून ठेवला. फॉर्म भरला, फी भरली. मराठी आणि इतिहास तिला आवडतात. बीजगणित काढलं की म्हणते, "अक्षरांची बेरीज करून काय मिळतं गं?" फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा आहे आणि तिला रोज रात्री आठ ते साडेनऊ हा वेळ हवा आहे.

तो दीड तास कुठून आणायचा यावर आमच्या घरात आठवडाभर वाद झाला. सगळ्यात जास्त विरोध आजीचा. "पोराच्या हातात भांडी? लोक काय म्हणतील?" भाऊ म्हणाला, "मी दिवसभर गाडीवर असतो, माझी कंबर मोडते." खोटं नाही ते. तो खरंच दमतो. उन्हापावसात सगळ्या मुंबईला जेवण पोचवणारा पोरगा आहे तो. पण घरी दमून आलेल्या भावाला आपण "बस जरा" म्हणतो, आणि दमून आलेल्या आईला "चहा टाक" म्हणतो. एवढाच फरक आहे, आणि तो दोघांच्या दमण्यातला नाही.

शेवटी मी पप्पांना सुभेदारांची गोष्ट सांगितली. तेच मला लहानपणी ती सांगायचे. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आले, चहा प्यायले आणि कपडे भिजवायला बसले. आजीनं तोंड फिरवलं. आता सकाळचं धुणं पप्पांचं आहे. संध्याकाळच्या भाकरी मी परत घेतल्या. माझाही तास त्यात जायलाच हवा. पहाटेचं पाणी भाऊ भरतो आणि रात्रीची भांडी घासतो. भांड्यांना कधी साबण राहतो, कढई तेलकटच असते. आई उठून ती पुन्हा घासायला लागली की आम्ही तिला ओढून बसवतो. ती म्हणते, "मला बसवत नाही गं, हात शिवशिवतात." पंचवीस वर्षांची सवय पंधरा दिवसांत जायची नाही.

आमच्या विहारात अभ्यासिका आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. मुलं तिथं रात्री बारापर्यंत बसतात, त्यातली काही नोकरीलाही लागली. मुली मात्र सात वाजले की वह्या गोळा करतात. त्यांना कुणी जा म्हणत नाही. घरी स्वयंपाकाची वेळ झालेली असते, आणि उशीर झाला तर परतीच्या वाटेवर दिवा नसतो. कार्यकर्त्या बांधवांना माझी विनंती आहे की अभ्यासिकेत किती मुलं बसतात हे मोजता, तसं किती वाजता कोण उठून जातं तेही एकदा लिहून ठेवा. जयंतीच्या वर्गणीतून वाटेवर दोन दिवे बसवता येतील. दुपारी दोन ते चार या वेळात कामावरून आलेल्या आयांसाठी चटई टाकता येईल. सतरा नंबरचा फॉर्म भरायची इच्छा आमच्या एकाच गल्लीत आणखी तीन मावश्यांनी बोलून दाखवली आहे. त्यातली एक स्त्रीवादाला हसली होती.

वाचक बंधूंनो, तुमच्या घरातही कुणी मुलगी शिकत असेल, आणि तिचं कौतुक तुम्ही करत असाल. या रविवारी एक कागद घ्या आणि ती अभ्यासाला बसते तेव्हा तिचं काम कोण करतं ते नाव लिहा. ते नाव आईचं, आजीचं, मोठ्या बहिणीचं किंवा वहिनीचं असेल, तर त्यातलं एक काम आपल्या नावावर करून घ्या. परवानगी तुम्ही केव्हाच दिली आहे. आता रोजचा एक तास द्या.

जयभीम.